अभ्रकावरची वलयं

अमरावती, १२ नोव्हें. ५९
सकाळी अभ्रकाचा ताजा पापुद्रा सोलला. त्यावर पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचा एकच थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसलो. थेंब आटता आटता त्रिकोण उगवले. शेकडो, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. खालच्या अभ्रकानंच जणू रांगेत बसवले. कॅमेरा नाही, म्हणून हातानं चित्रं काढली. प्रत्येकाभोवती फिकं, रंगीत वलय. जेवायचं राहिलं.

१९ नोव्हें.
चित्रं पाहून प्रोफेसरसाहेब खुर्चीतून उठलेच. वलय म्हणजे स्फटिकाभोवती पसरलेला अतिपातळ थर, म्हणाले. शोधनिबंध लिहू, तुमचंही नाव घालू. वीस वर्षं नुसता डेमॉन्स्ट्रेटर मी. घर कधी आलं, कळलंच नाही.

२ डिसें.
विमल, एम.एस्सी.ची, शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांची पोरगी. अर्धा तास डोळा लावून होती. "सर, त्रिकोण दिसतात, पण वलय मले कुठंच नाही दिसून राहिलं." सवयीनं दिसेल, म्हटलं. जरा चिडूनच.

५ डिसें.
दिवेलागणीला सौ.नं देवापुढं निरांजन लावलं. ज्योतीभोवती वलय. तेच. रंगही तेच. उजवा डोळा, सूक्ष्मदर्शकाला लावतो तो, झाकला. वलय गेलं.
"काहून जी, काय झालं?" सौ.नं विचारलं. "डोळ्यात काही गेलं," म्हटलं.
वलय सुंदर होतं मात्र.

८ डिसें.
निबंध टाइप होऊन टेबलावर. तीन दिवस गप्प राहिलो, त्याची लाज. आज बोललो, "साहेब, वलयं अभ्रकावर नाहीत. माझ्या डोळ्यात आहेत."
साहेबांनी चित्रं पुन्हा पुढ्यात ओढली.
"त्रिकोण तरी खरे ना?"
"विमलनंही पाहिलेत."
"मग चित्रं तिला काढू द्या."

१५ डिसें.
विमल काढते, मी शेजारी. "आता कोपऱ्यात एक उगवून राहिला, सर... दुसऱ्याले जाऊन भिडला." ऐकता ऐकता डोळे मिटतात. पांढरं शांत मैदान, त्यावर हळूहळू... तिच्यापेक्षा मलाच जास्त दिसत असावं.

अकोला, ४ जाने. ६०
मोतीबिंदूच. उद्या ऑपरेशन. साहेबांचं कार्ड आलं: निबंध गेला, वलयांशिवाय. नावं तीन.
डॉ.ना विचारलं, सूक्ष्मदर्शकात पुन्हा बघता येईल? "आधी घरची माणसं तर ओळखा," म्हणाले.
सौ. उशाशी बसून. "पट्टी सोडली का पयले काय पाहाल जी?"
"त्रिको..." म्हणालो आणि जीभ चावली. ती उठली, पाणी आणते म्हणाली. तांब्या भरलेलाच होता.