काशीला मी अडवलं न्हाई

लातूर, नातीची खोली. मंगळवार, दिवेलागण.

नात कोचिंगहून आली ती मेंदूतल्या पेशींचं सांगत. म्हणे, काही पेशींचं कामच दुसऱ्यांना थांबवायचं. "तुझ्यासारखं, आजी!" तोंड लई चालतं कार्टीचं. पण त्यातल्या एकाच मूळ पेशीच्या पोटच्या बहिणी असल्या, की त्या आपसात जुळतात. इतरांना थांबवतात तशा एकमेकींना फारशा थांबवीत न्हाईत, असं दिसलंय म्हणे.

माझा भाकरी थापायचा हात तिथंच राहिला.

गावाकडं भूकंप झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओरडत होते, तडकलेल्या घरात कुणी जायचं न्हाई. दिराला सुद्धा शिव्या घातल्या. आणि काशी, माझ्याच सासरी दिलेली माझी पाठची बहीण, माझ्याकडं एकदा बघून आत गेली. बोलली न्हाई, तरी कशाला ते मला कळलं. मी तोंड मिटून उभी. जमीन परत हलली. मातीच्या छपराचं जड माळवद खाली आलं. काशी त्यातच गेली.

हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मग तुझा काय दोष?"

पेशींचा नसंल. मला जीभ होती.

तिला एक सांगितलं न्हाई. आत आईचा कुंकवाचा करंडा होता, आणि तो मलाबी पायजे होता.