मानसिंगरावांसमोरचा तास

सोमवार, २७ जुलै १९८७

बातमी खरी निघाली. अकरावीचा माझा इंग्रजी साहित्याचा तास काढून त्या जागी टायपिंग! ट्रस्टी मानसिंगराव स्वतः स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले— "प्रेमलाबाई, टायपिंगनं मुलींना नोकरी मिळेल. उपमा-रूपकांनी काय मिळणार?"

म्हटलं, "एकदा वर्गात बसून बघा. मग ठरवा."

"शनिवारी येतो."

झालं तर! एका तासात पटवून देईन.

मंगळवार, २८ जुलै

सुरुवात कुठून करावी? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस फळ्यावर व्याख्या लिहायच्या, आम्ही पाठ करायचो. 'बर्फासारखा शुभ्र'— ही उपमा. आम्ही बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, भुशानं माखलेला! तरी त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा यायचा. खडूनं पांढरी झालेली त्यांची बोटं अजून दिसतात. या शब्दांची माया मला त्यांनीच लावली.

पण माझ्या मुलींना बर्फ नको. घरातलंच काहीतरी हवं.

हेरंबला विचारलं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून तो प्रत्येक गोष्टीत सल्ला देतो. "लहान ठेव," म्हणाला, "ट्रस्टी लोकांना झोप लवकर येते."

गुरुवार, ३० जुलै

सापडलं!

आज मेटॉनिमी घेतली. एखाद्याला थेट न म्हणता त्याच्याशी जोडलेल्या वस्तूचं नाव घ्यायचं— राजाऐवजी 'सिंहासन' म्हणतात, तसं. मुली ढिम्म. मग सहज विचारलं, "तुमच्या आया वडिलांना नावानं हाक मारतात?"

वर्ग उसळला! जिज्ञा म्हणाली, "टीचर, मम्मी तो खाली 'सांभळो छो?' एटलुंज बोले!" म्हणजे नुसतं 'ऐकलं का?' एवढंच. अहल्या उभी राहिली— "आई म्हणते, स्कूटर आली, ताटं घ्या. स्कूटर म्हणजे बाबा!"

"मेटॉनिमी!" मी ओरडलेच.

नलिनीची आजी तर आजोबांना 'दुकान' म्हणते. 'दुकान आज उपाशीच गेलं.' पोरी हसून लोळायच्या बाकी होत्या.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आपल्या बायकांनी घरोघरी केवढं साहित्य करून ठेवलंय! मी मात्र पहिल्या दिवसापासून हेरंबला हेरंबच म्हणत आले. सासूबाई कपाळाला हात लावून शेजारणीला सांगायच्या, "आमच्या कॉन्व्हेंटला एवढंच येतं." म्हणजे मी! तीही मेटॉनिमीच की. हे त्या असताना कळायला हवं होतं. दोघी मिळून हसलो असतो.

शनिवारी हेच घेणार.

शनिवार, १ ऑगस्ट

जिंकले!

मानसिंगराव आले. तासानंतर रावपुऱ्यात साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून त्यांच्या पत्नी जिजाबाईही होत्या, पण गाडीतच बसलेल्या. मीच आत बोलावलं. जरीचा पदर सावरत शेवटच्या बाकावर टेकल्या.

मुलींनी बहार केली. व्याख्या स्वच्छ इंग्रजीत, उदाहरणं घरची. मानसिंगरावांनी चक्क मान डोलावली. मला हुरूप आला. म्हटलं, "जिजाबाई, तुमच्याकडे काय म्हणतात?"

"मी मेली काय सांगणार!" पदराआड हसल्या. मुली कसल्या सोडतात— "कहो ने, काकी!"

"ह्यांची बैठक वरच्या मजल्यावर. मग स्वयंपाकघरात मी सांगते, वरच्या मजल्याला चहा हवाय. आणि चिडलेले असले की सांगते, वरचा मजला तापलाय, आज कुणी जिना चढू नका!"

वर्ग फुटला. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "एका वाक्यात मेटॉनिमी आणि रूपक, दोन्ही!"

जिजाबाई फळ्याकडे बघतच राहिल्या. "याला नाव आहे? इतकी वर्षं बोलतेय मी— आणि याला नाव आहे?"

काय उजळला होता चेहरा! तेवढ्यासाठी तरी शिक्षिका व्हावं.

मानसिंगराव घड्याळ बघत उठले. "चला, उशीर होतोय."

रविवार, २ ऑगस्ट

हेरंबला सगळं रंगवून सांगितलं. तो हसला नाही.

"प्रेमला, त्या माणसाचं स्वयंपाकघरातलं नाव तू वर्गभर पोरींसमोर फळ्यावर लिहिलंस?"

"कौतुकच झालं त्यांच्या घराचं!"

"घराचं झालं. त्यांचं नाही."

उगाच शंका काढतो. दुपारी श्रीखंड केलं.

मंगळवार, ४ ऑगस्ट

नोटीस लागली. येत्या सोमवारपासून टायपिंग.

प्रिन्सिपलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोटा साहेबने खोटुं लाग्युं, बेन. शुं करीए?" मानसिंगरावांच्या मनाला लागलं ते लागलं. टायपिंगचं नुसतं निमित्त.

हेरंब बरोबर होता. मी आयुष्यभर बिनदिक्कत नाव घेत आले, म्हणून नाव न घेण्यातली अब्रू मला कळलीच नाही. ते शब्द चुलीपुढचे. नवऱ्याच्या कानावर पडायचे नव्हते— आणि मी खडूनं लिहिले!

अहल्या रडवेली झाली होती. "टीचर, आयरनी राहिली ना शिकायची!" तिला काय सांगू, आजचा दिवस म्हणजे तीच!

पण शिकवलं ते खरं होतं. त्यातलं अक्षर मागे घेणार नाही. वाईट वाटतं ते जिजाबाईंचं. घरी त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल?

गुरुवार, ६ ऑगस्ट

सकाळी दारात रिक्षा थांबली. जिजाबाई! एकट्याच उतरल्या. आत या म्हटलं तर उंबऱ्यातूनच बोलल्या, "सोमवारपासून संध्याकाळी आमच्याकडे वर्ग. दिवाणखाना मोकळा करून घेतलाय. अहल्याची आई माझ्या ओळखीची, तिला कळवलंय, ती बाकीच्या मुलींना सांगेल."

मी म्हटलं, "मानसिंगरावांना—"

"काल सांगितलं."

"काय म्हणाले?"

"विचारलं नाही, बाई. सांगितलं." मग पदर खोचला. "फळा केवढा लागतो तेवढं बोला. सुतार रिक्षात बसलाय."