आईचा सावळा रंग

३ फेब्रुवारी
आले बाबा एकदाची परळला! चाळीतली भाड्याची खोली, पण खिडकी चांगली ऐसपैस. ऑफिस लोअर परळला, म्हणजे चालत जायचं, चालत यायचं. शेजारच्या सुंदराबाई दारातच उभ्या राहिल्या. गाव कुठलं, कुडाळ म्हणजे आमच्यातलीच गो, लग्न झालं का, सगळं विचारलं आणि सोलकढी ठेवून गेल्या. बरं वाटलं. आई गेल्यापासून घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाजच नाही.

८ फेब्रुवारी
आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि भिंतीवर तिचा फोटो नाही. स्टुडिओत मुळीच देणार नाही. ते लोक माणसाला गोरं करून टाकतात, मग ती आई कसली? म्हणून फोटो प्रिंटर घेतला आणि छपाईचं खास सॉफ्टवेअरही. भारी आहे हं! कागद मॅट की चकचकीत ते सांगितलं की त्याप्रमाणे रंग जुळवतं, फोटो मोठा केला तरी धुरकट होत नाही. पहिल्या प्रिंटमध्ये आई कावीळ झाल्यासारखी दिसत होती. कागदाचं सेटिंग माझंच चुकलेलं. नंतर अगदी तिचा सावळा रंग आला. रडूच फुटलं.

११ फेब्रुवारी
धड असा एकच फोटो आहे, आम्हा दोघींचा. आईनं माझा दंड धरून मला जवळ ओढलंय. सुंदराबाई बघून म्हणाल्या, जित्या माणसाक हारात घालूचा नाय गो बाय, तू तुका त्यातसून काप. म्हणून कापलं मला. आईचा हात उरला होता, तो पुसून मागची भिंत भरून घेतली. आता फोटोत ती एकटी, इथे मी एकटी. खूप वाईट वाटलं.

१३ फेब्रुवारी
प्रिंटमध्ये आईचा हात परत आलाय. स्क्रीनवर नाही, कागदावर आहे. चुकून जुनी फाईल दिली असेन, वेंधळी मेली. पुन्हा पुसला, पुन्हा छापलं. हात आहेच. आणि त्या हातात माझा दंड.

१४ फेब्रुवारी
दंड ठणकतोय. बाही वर केली तर वळ. बोटांचे. ऑफिसला गेले नाही. कुणी साधा फोनही केला नाही. सॉफ्टवेअर काढून टाकलं. प्लग उपटला.

१५ फेब्रुवारी
प्लग नाही तरी छापतोय — खांदा आला माझा. मान. अंगावर आजचाच ड्रेस —

१६
चेहरा आला. डोळे मिटलेले. मूळ फोटोत मी हसतेय, मी —
सुंदराबाई दार वाजवतायत. अनुजा, अगो अनुजा. ओरडून ओ देतेय, त्यांना ऐकूच जात नाही. खंय गेला ह्या चेडू म्हणत परत —
आई, एकटीला करमत नव्हतं, खरंय. पण असं नको —
दंड सोड. सोड गो आये, माका अजून