धाडच्या गाडीचे पाचशे

निशी,

तू उठशील तवा मी वावरात असीन. निरोप द्याले मले जमत नाही.

जर्मनीत पैसे बँकेतच बदल आन् पावती घे. रस्त्यावर कोणी जास्त भाव सांगतला तं थांबू नको. मस्कतले कामाले होतो तवा मी थांबलो होतो. घरी परत याले निघालो होतो, दोन वर्षांची बचत रुपयात बदलली. गड्डीत वरची नोट खरी, खाली नुसते कागद. रिकाम्या हातानं याची लाज वाटली, म्हणून तुह्या बारशाले आलो नाही. तुह्या आईले, मले सुट्टी भेटली नाही असं सांगतलं. ते तसंच राहू दे.

तुह्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली रुमालात पाचशे रुपये बांधून ठेवले. ते बदलू नको. परत येशील तवा आपल्या गावच्या, धाडच्या गाडीले लागतीन.

बाबा