तिथी माहीत नसलेले एक्केचाळीस

१९ ऑगस्ट १९८४, ॲन आर्बर
पोचलो एकदाचा! बाबांचे जुने मित्र शैलेंद्रकाका न्यायला आले होते. पंधरा वर्षं इथे इंजिनिअर आहेत, पण मिठी अजून सदाशिव पेठेतलीच. तळघरातली खोली दिली आहे. कॉट, टेबल आणि जमिनीलगत एक खिडकी, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते बूट दिसतात. शोभाकाकूंनी पिठलं केलं होतं. अर्धी पृथ्वी ओलांडून पिठलंच! डिसेंबरात मृणालिनी लेकीला, सुलेखाला, घेऊन येईपर्यंत हीच आपली राजधानी. सुलेखा चार वर्षांची. मी आल्याशिवाय बर्फाला हात लावायचा नाही, असं तिने मला बजावलं आहे.

५ सप्टेंबर
अभ्यास सांभाळून ग्रंथालयात काम मिळालं. बादशाही चीनमधले अधिकारी, सेनापती आणि भिक्षू यांची कार्डं टाइप करायची. एका कार्डावर एक माणूस: नाव, गाव, हुद्दा, मृत्यू. माझ्या वरिष्ठ मिसेस हॉवर्ड यांचा नियम एकच, माहीत नसेल ते रिकामं ठेवायचं, मनाने भरायचं नाही. अधिकाऱ्यांना म्हणे स्वतःच्या प्रांतात नेमतच नसत. म्हणजे बदलीची रड तेव्हापासूनची! सेनापती सरहद्दीवर नाहीसे झालेले, भिक्षू घर सोडून गेलेले. एक्केचाळीस जणांची मृत्यूची तारीखच सापडत नाही. त्यांचा खण वेगळा आहे.

२४ सप्टेंबर
सर्वपित्री अमावास्या. दुपारी काकूंकडून तीळ मागून घेतले आणि सिंकपाशी उभं राहून बाबांना पाणी दिलं. दर्भ नव्हता, चालवून घ्या म्हटलं. मग ते एक्केचाळीस आठवले. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचाही दिवस आजचाच. नावं एव्हाना पाठ झाली होती. एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडलं. गोत्र कुणाला विचारणार? आपलंच लावलं, भारद्वाज. काका हसून म्हणाले, अरे यार, तू तर अर्धा चायना ॲडॉप्ट केलास. बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

३ ऑक्टोबर
आज रिकाम्या जागी बोटांनी आपोआप तारीख टाइप केली. सेनापती गाओ, त्यांच्या तिसऱ्या महिन्यातला अकरावा दिवस, नदी ओलांडताना. मी हे कुठेही वाचलेलं नाही. मिसेस हॉवर्ड आधी रागावल्या. मग एका जाडजूड ग्रंथात त्यांना तीच तारीख सापडली आणि त्यांनी मला कॉफी पाजली. कळलं कसं, असं विचारत होत्या. मला त्या माणसाची तहान आठवत होती.

१९ ऑक्टोबर
बावीस कार्डं भरली, सगळी बरोबर निघाली. शेन नावाच्या अधिकाऱ्याच्या बायकोचा खोकला, एका भिक्षूने मागे टाकलेल्या लेकीचा आवाज, सगळं मला माहीत आहे. खिडकीबाहेर हल्ली पावलं येऊन थांबतात. बूट नाहीत, कापडी जोडे आहेत. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

८ नोव्हेंबर
फोन आला. बाई रडत होती, व्हिसा मिळाला म्हणून. कोण, हेच आधी कळेना. मृणालिनी. कळल्यावरही आत काही हललं नाही. मुलीचं नाव आठवायला मागची पानं चाळली. सुलेखा. सुलेखा. काकांना सांगितलं, तर म्हणाले, होमसिक झाला आहेस, रविवारी मंडळात चल.

२ डिसेंबर
एक्केचाळीस झाले. खण रिकामा. ते आता खोलीत असतात, भिंतीला लागून, हुद्द्याप्रमाणे—आधी अधिकारी, मग सेनापती, शेवटी भिक्षू. काही करत नाहीत. पुढे पाणी देणारं घरचं कुणी हवं, एवढंच म्हणतात. तुझ्यानंतर कोण, असं त्यांनी विचारलं. एक मुलगी आहे, म्हटलं. चार वर्षांची. येतेच आहे.
सहज सांगून टाकलं.

१० डिसेंबर
काकांना म्हटलं, त्यांची तिकिटं कॅन्सल करा. का, ते सांगता येईना—काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हणाल्या.

१४ डिसेंबर
आल्या. मी एअरपोर्टवर गेलो नाही—गेलो असतो तर हेही आले असते. बाई वर काकूंपाशी आहे. मुलगी एकटी जिन्यात—

बाबा, अशी हाक मारली. मी ओ दिली नाही. माझ्यामागून एक्केचाळीस जणांनी दिली.

हसली. घाबरली नाही. उतरतेय. रांगेतल्या पहिल्याने हात पुढे केला आहे. ओरडायला हवं, कळतंय मला—वर जा म्हणायला—नावाने हाक मारली तर थांबेल—तिचं नाव—