दार पूर्ण लावू नये

३ मार्च
निर्णय पक्का. जुन्या घरांच्या प्रदर्शनासाठी फोटो पाठवणार. रिकामी खोली, खिडकीतून येणारा प्रकाश, बास. माझे नियम दोनच: फ्लॅश नाही, माणसं नाहीत. सासऱ्यांच्या फोटो स्टुडिओत दुसरं काही नसतंच. फोटो निवडला गेला नाही तर एक तारखेपासून तिथे ओळखपत्रांचे फोटो काढायला बसायचं, असं बायकोने ठरवलंय. मी हो म्हटलं. वेळच येणार नाही, मग हो म्हणायला काय जातंय?

५ मार्च
सासऱ्यांच्या गल्लीतल्या जुन्या घराची परवानगी मिळाली. फक्त परवाचा दिवस. फोटो पाठवायची मुदतही परवाच. चिंता नाही. बायको म्हणते फ्लॅश असू दे बरोबर. मी नुसता हसलो. फोनसुद्धा घरी ठेवणार. एकाग्रता.

७ मार्च, सकाळ
वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. उंच खिडकी, गज, पोपडे आलेली भिंत, एकच खुर्ची. वेड लागेल अशी. किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, संध्याकाळी कुलूप लावायला येते. मी म्हटलं माझी वाट बघू नका, काम झालं की मी गुपचूप जाईन. दाराला आतून एक मळकी पाटी होती. फ्रेम बिघडत होती, काढून ठेवली. जिन्यातला फालतू उजेड आत येत होता, म्हणून दार घट्ट लावलं.

थोड्या वेळाने
पाटी वाचली. ‘दार पूर्ण लावू नये. आतून उघडत नाही.’

दुपार
मी अडकलेलो नाही. प्रकाशाची वाट बघतोय. मोठे फोटोग्राफर तासन्‌तास असेच बसतात. त्यांना बाथरूमला जावं लागत नसावं.
हाक मारणार नाही. मी इथे काय काय करणार आहे ते सगळ्या गल्लीला सांगून बसलोय.

दुपार उलटल्यावर
हाक मारली. हात हलवले. खालून लोकांनीही हलवले. किराणावाला केसांवरून हात फिरवून रस्त्यात उभा राहिला. मी ओरडलो, "दार! दार!" तो म्हणाला, "दारात उभा राहू?" आणि खरंच दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला. वर हसलाही.
मागे वळून बघितलं तर खोलीत सोनेरी प्रकाश. ज्यासाठी आलो तो हाच. पण खिडकीत मी उभा, त्यामुळे भिंतीवर नुसती माझी सावली, गजांना लटकलेली. कॅमेरा घेईपर्यंत ऊन गेलं.

संध्याकाळ
बाई आल्या, खालचं कुलूप लावून गेल्या. माझा घसा बसलाय, त्यांना ऐकू गेलं नाही. भीती वाटतेय. लिहून टाकलं, कोण वाचणार आहे?
डब्यात काही उरलंय का बघायला बॅग उपसली. डब्याखाली नॅपकिनमध्ये गुंडाळलेला फ्लॅश. बायको!
तत्त्व म्हणजे तत्त्व. पण ही आणीबाणी आहे.

८ मार्च
सुटलो. काल कॅमेऱ्याला फ्लॅश लावला आणि रस्त्याकडे बटण दाबत सुटलो. लोक आणखी जमले, आणखी हसले. मी अडकलोय हे ओळखलं ते फक्त सासऱ्यांनी. बाईंना घेऊन आले, दार उघडलं आणि म्हणाले, "जावईबापू, इतक्या लांबून फ्लॅश पोचत नाही."
खोलीचा एकही फोटो नाही. मुदत संपली. बायकोने फ्लॅश नॅपकिनने पुसून माझ्यासमोर ठेवला. सासऱ्यांनी मात्र कार्डावरचे सगळे फोटो शांतपणे बघितले. दुकानाच्या दिव्याखाली उभ्या किराणावाल्यापाशी थांबले.
"चेहरा छान पकडलाय," म्हणाले. "एक तारखेला या."

१ एप्रिल
स्टुडिओ. तात्पुरतं आहे. खिडकी नाही. पहिलं गिऱ्हाईक किराणावाला, म्हणे माझ्याकडूनच काढायचाय. सासरे म्हणाले, दार लावून घ्या, बाहेरचा उजेड येतोय.
मी म्हटलं, थोडं उघडं राहू द्या.