बाबांची न जुळणारी उत्तरं

प्रिय दादा,

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये बाबांच्या ऑपरेशनला किती गुण पडले?" मी आवाज तुटतोय असं खोटंच सांगून फोन ठेवला. आता नीट लिहिते.

माझ्या कामाला तू 'दुसऱ्यांचं डोकं भाड्याने चालवणं' म्हणतोस, आणि ते अगदीच खोटं नाही. पाण्याची टाकी कुठे बांधायची, अग्निशमन केंद्र कुठे, हे ठरवणाऱ्यांपुढे मी निकष दोन-दोन करून ठेवते. यातलं तुम्हाला कोणतं महत्त्वाचं, आणि किती पट? त्यावरून प्रत्येक निकषाचं वजन निघतं. पुढची बेरीज कॉम्प्युटरची.

बाबा स्वतःच म्हणाले, "माझंही मांड. लोकांच्या टाक्या बसवतेस, बापाचं एवढं नाही जमत?" आयुष्यभर मैदानावर पंच होते ते, शिट्टी वाजली की विषय संपला. आणि आता महिनाभर डॉक्टरीणबाईंना नुसतं "बघतो" म्हणत होते. तीन वाटा होत्या: मोठं ऑपरेशन, वॉर्डात राहून उपचार, किंवा घरीच औषधं. निकषही तीनच धरले. जास्त जगणं, वेदना कमी असणं, आणि घरी असणं.

वेदना कमी असण्यापेक्षा जास्त जगणं मोठं, म्हणाले. घरापेक्षा वेदना कमी असणं मोठं. आणि जास्त जगण्यापेक्षा घर मोठं. स्क्रीनवर लाल पट्टी आली: तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, पुन्हा विचार करा. बाबा जाम भडकले. "मला चुकीचा ठरवणारा हा कोण टिकोजीराव?" पुन्हा बसवलं, तर पुन्हा तेच चक्र.

ऑफिसात असं झालं की मी विचारते, उत्तर देताना डोळ्यांपुढे काय होतं? बाबांनाही तेच विचारलं. पहिल्या वेळी तू होतास. "तो येईपर्यंत तरी टिकायला हवं ना." दुसऱ्या वेळी मी. "मी कण्हलो की तू स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडतेस. कळतं मला." तिसऱ्याचं विचारलं, तर हळूच म्हणाले, "ते माझं."

एका खुर्चीत तिघं बसून उत्तरं देत होते रे. मी म्हटलं, आम्हा दोघांना बाजूला ठेवा. कामात रोज कुणाला ना कुणाला सांगते हे वाक्य. बाबा बराच वेळ टेबलावरचा चहाचा डाग नखाने खरवडत राहिले. मग सरळ उत्तरं दिली. आधी घर, मग वेदना, शेवटी जगणं. लाल पट्टी आली नाही. "पक्कं?" त्यांनी विचारलं. मी वजनं थोडी इकडे, थोडी तिकडे करून पाहिली. निकाल तसूभरही हलला नाही: घरीच औषधं. ते चष्मा पुसत बसले, आणि मी स्वयंपाकघरात गेले.

दादा, ऑपरेशनसाठी धरून ठेवलेली तारीख आम्ही काल रद्द केली. तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलंय. तू सुट्टीत आलास की स्वतः सांगणार म्हणतात. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सुट्टीपर्यंत वाट बघू नका. तू चिडशील. मीही चिडले होते, रडलेही. वाद घालायचा असेल तर माझ्याशी घाल, त्यांच्याशी नको. त्यांनी तुला बाजूला ठेवलं ते मी सांगितलं म्हणून, आणि त्यांना ते फार जड गेलं. तू नुसता येऊन त्यांच्याजवळ बस. याच आठवड्यात ये.

तुझीच,
धाकटी